बॅन्जो बोलच्या आधी आपल्या टीमची खरी ताकद कशी ओळखायची (उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात असा होता. विचारणारे आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून विनिपेगला आलेत, शनिवारी बॅन्जो बोल आहे, म्हणजे इथल्या ब्लू बॉम्बर्सची सस्कॅचवनच्या रफरायडर्सशी कॅनेडियन फुटबॉलची (बॉल हातात घेऊन पळायचा तो) मॅच, आणि ऑफिसात डबा खायच्या टेबलावर ब्लू बॉम्बर्सवरून तीन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते आपली ताकद म्हणजे क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, खेळ चालवणारा), दुसरी म्हणते बॉल रनिंग बॅकच्या, म्हणजे घेऊन पळणाऱ्याच्या, हातात द्या आणि गप्प बसा, तिसरी डिफेन्सवाल्यांची. "यातलं खरं कोणाचं, आणि मी काय बोललो म्हणजे सोमवारी माझं हसं होणार नाही?"

आधी माझं सांगतो, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मूळचा सांगलीकडचा, कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलेला, विनिपेगला 2006 ला आलो. पोरगा दहा वर्षांचा झाल्यावर फुटबॉल खेळायला लागला, तेव्हा मैदानावर उभ्या असलेल्या बापांना काहीतरी काम द्यायचं म्हणून मला साखळी धरायला लावली, म्हणजे ते दोन दांडे आणि मधली दहा यार्डांची साखळी घेऊन बाजूच्या रेषेवरून पुढेमागे पळायचं. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन सीझन साखळी धरली आणि जे कळलं ते नंतर टीव्हीवर बघूनसुद्धा कळलं नसतं असं मला अजून वाटतं. त्यानंतर तेरा वर्षं बारा-चौदा वयाच्या पोरांना ओ-लाईन शिकवतोय. ओ-लाईन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंत करून उभे राहणारे ते पाच आडदांड, ज्यांचं नाव कोणी घेत नाही. प्रोफेशनल कोच नाही हां मी, नोकरी माझी हिशेबाची आहे, त्यामुळे सवय लागली वही ठेवायची.

आता मुद्दा. तुमच्या ऑफिसातल्या तिन्ही पार्ट्या भांडतायत ती खेळाडूंच्या यादीवरून. यादी चुकीची नसते, पण यादीने मॅच कशी होईल ते कळत नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण याच दोन टीमचं आहे. 2023 ला लेबर डेच्या रविवारी, 3 सप्टेंबरला, रेजायनात सस्कॅचवन रफरायडर्सनी आपल्याला ओव्हरटाईममध्ये 32–30 ने हरवलं. सहा दिवसांनी इथे विनिपेगला बॅन्जो बोल झाला आणि आपण 51–6 ने जिंकलो. तेच दोन कोच, जवळपास तेच खेळाडू, मधे फक्त सहा दिवस आणि हायवे नंबर एकवरचे पावणेसहाशे किलोमीटर. म्हणजे रविवारी "आपली ताकद अमुक" असं जे कोणी म्हणत होतं ते खोटं होतं का, किंवा शनिवारी अचानक खरं झालं का? दोन्ही नाही. बघायची जागा वेगळी आहे.

(बॅन्जो नाव कुठून आलं असं कोणी विचारलं तर: 2003 मध्ये आपला किकर ट्रॉय वेस्टवूड रायडर्सच्या लोकांना बॅन्जो वाजवणारे गावंढळ अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला, त्यावरून बोंबाबोंब झाली, आणि 2004 पासून लेबर डेनंतरच्या आठवड्यातल्या या मॅचला तेच नाव चिकटलं. शनिवारी डोक्यावर पोखरलेलं कलिंगड घातलेले लोक दिसले की घाबरू नका, ते रायडर्सवाले, बहुतेक फार प्रेमळ असतात.)

तर बघायची जागा म्हणजे पहिला डाऊन. हे समजायला कॅनेडियन फुटबॉलचं गणित एकदा डोक्यात बसवावं लागतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड जायला चार संधी, म्हणजे डाऊन, इथे तीन. आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा पंट मारून, म्हणजे किकने, बॉल लांब घालवतात, म्हणजे प्रत्यक्षात हातात दोनच राहिल्या. पहिल्यावर दोन यार्ड मिळाले तर दुसऱ्यावर आठ हवेत, आणि समोरच्या बाराही जणांना माहितीय की आता पास येणार. त्यांची डी-लाईन, म्हणजे डिफेन्सची पुढची रांग, कान टवकारून बसते, धावत्या माणसाची काळजीच करत नाही, सरळ क्वार्टरबॅकच्या अंगावर. याउलट पहिल्यावर सहा मिळाले तर दुसऱ्यावर चार, आता धावणार की पास देणार हे त्यांना कळत नाही, एक पाऊल थांबतात. सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे.

यात अजून एक गंमत, जी इथे जन्मलेल्या माझ्या शेजाऱ्यालासुद्धा मी सांगेपर्यंत कधी जाणवली नव्हती. कॅनडाच्या नियमात डिफेन्सला बॉलपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या डाऊनवर एकच यार्ड हवा असेल तर पाच जणांनी ढकलायचं आणि क्वार्टरबॅकने मागून घुसायचं, समोरचा येईपर्यंत काम झालेलं असतं. दरवेळी नाही, पण इतक्या वेळा की कोच लोक ते धरूनच चालतात, आणि बऱ्याच टीम त्यासाठी जाडजूड दुसरा क्वार्टरबॅक मुद्दाम ठेवतात. म्हणजे दोन डाऊनमधे खरं तर नऊच यार्ड लागतात. साडेचार-साडेचार! ज्या टीमला पहिल्या डाऊनवर नेमाने पाच-सहा मिळतात ती टीम दिवसभर चालत राहते, स्टार कोणी का असेना.

मी वहीत काय लिहितो सांगतो. एक पान, उभ्या तीन रेघा. पहिल्या डाऊनला किती यार्ड, दुसऱ्याला किती हवे होते, मिळाले का. बस. पोरांच्या एका मॅचचं पान आत्ता समोर आहे, पहिल्या हाफचं: सहा, चार, शून्य, सात, पाच, मायनस दोन, अकरा, पाच. आठातले सहा चार किंवा त्याहून वर. प्रेक्षकांतले आईबाप त्या दिवशी आमच्या रिसीव्हरचं कौतुक करत होते कारण त्याने एक लांब कॅच घेतला होता, आणि कॅच होताच तसा, पण तो आला सेकंड अँड फोरला (दुसरा डाऊन, चार यार्ड हवे), जेव्हा समोरचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा डिफेन्सवाला, रन अडवायला चार पावलं पुढे सरकला होता. त्याला पुढे सरकायला लावलं कोणी, तर ओ-लाईनमधल्या आमच्या डाव्या गार्डने, ज्याला घरी जाताना त्याच्या आजोबांखेरीज कोणी विचारलं नाही.

म्हणून तुमच्या ऑफिसातल्या पहिल्या दोन पार्ट्या मला एकाच पार्टीच्या वाटतात. रनिंग बॅक पहिल्या डाऊनला सहा आणतो म्हणून क्वार्टरबॅक दुसऱ्याला हुशार दिसतो, आणि क्वार्टरबॅकची भीती असते म्हणून रनिंग बॅकला समोर मोकळं मैदान मिळतं. दोघांच्या पुढे ते पाच जण. 2019 ला आपण 29 वर्षांनी ग्रे कप, म्हणजे लीगची फायनल, जिंकलो, हॅमिल्टनला 33–12, तेव्हा अँड्र्यू हॅरिस मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सर्वोत्तम कॅनेडियनसुद्धा, दोन्ही एकाच माणसाला हे आधी कधी झालं नव्हतं. सगळ्यांना हॅरिस आठवतो. मला त्या मॅचमधली लाईन आठवते, पण ते मी लाईनच शिकवतो म्हणून असेल!

हॅरिसवरून एक गोष्ट जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही आणि जी आपल्या टीमची खरोखर ताकद राहिलीय. या लीगमध्ये ऑफेन्स-डिफेन्स मिळून सुरुवातीच्या 24 जणांत किमान सात कॅनेडियन लागतात, इथल्या भाषेत नॅशनल. बहुतेक टीम हे नॅशनल ओ-लाईनमध्ये भरतात आणि रनिंग बॅक अमेरिकन आणतात. बॉम्बर्सकडे आधी हॅरिस, मग ब्रेडी ऑलिव्हेरा, दोघंही विनिपेगचीच पोरं, म्हणजे नॅशनल. ऑलिव्हेरा तर 2024 ला अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता रनिंग बॅकच नॅशनल असला की हिशेबात एक जागा सुटते, तिथे दुसरीकडे कुठेतरी चांगला अमेरिकन खेळवता येतो. आणि उलट, नॅशनल दुखावला तर त्याच्या जागी मनाला येईल तो घालता येत नाही, एक हलवला की तीन हलवावे लागतात, घरात पाहुणे आले की कोण कुठे झोपणार याचं जे होतं तसं. त्यामुळे मॅचच्या आधी इंज्युरी रिपोर्ट बघाल तेव्हा नुसतं "कोण बाहेर" बघू नका, बाहेर गेलेला नॅशनल आहे का ते बघा.

डिफेन्सवाल्या पार्टीचं काय? त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घरच्या मैदानावर डिफेन्सला बारावा नाही, तेरावा माणूस मिळतो, तो म्हणजे तुम्ही. (तेरावा शब्द रायडर्सवाल्यांसमोर जपून वापरा. 2009 च्या ग्रे कपला शेवटच्या किकच्या वेळी त्यांचे तेरा जण मैदानात निघाले, माँट्रियलची हुकलेली किक पेनल्टीमुळे परत मारायला मिळाली आणि 28–27 ने कप गेला. अजून दुखतं त्यांना.) इथे गोंगाट झाला की पाहुण्या क्वार्टरबॅकची हाक त्याच्याच लाईनला ऐकू जात नाही, कोणीतरी आधी हलतो, पाच यार्ड मागे, आणि फर्स्ट अँड टेनचं फर्स्ट अँड फिफ्टीन होतं. परत तेच, पहिला डाऊन बिघडवला! पण कृपा करून आपल्याकडे बॉल असताना ओरडू नका. दरवर्षी नवीन आलेली चार टाळकी आपलीच हाक ऐकू न येईल इतकं ओरडतात आणि वर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं तर त्यांना वाटतं तो खूश आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगतो, कारण इथेच मी स्वतः आपटलोय. एका वर्षी आमच्याकडे लेफ्ट टॅकल (ओ-लाईनच्या डाव्या टोकाचा) होता, तेरा वर्षांचा, माझ्या कानाला लागायचा, नव्वद किलो. पहिल्या चार मॅच आम्ही त्याच्या मागून पळालो आणि जिंकलो, मी सगळ्यांना सांगत सुटलो की आपली डावी बाजू म्हणजे किल्ला. पाचव्या मॅचला समोर एक बारका पोरगा, हेल्मेट त्याच्यापेक्षा मोठं, तो सरळ अंगावर यायचाच नाही, खाली वाकून आमच्या टॅकलच्या हाताखालून आत. कबड्डीत जड कोपरारक्षकाला चपळ चढाईपटू बोनस घेऊन घेऊन रडकुंडीला आणतो ना, डिट्टो. आणि मी, आयुष्यभर कबड्डी बघितलेला माणूस, हाफटाईमपर्यंत डावीकडेच प्ले टाकत राहिलो कारण "ती आपली ताकद". पहिल्या हाफमध्ये नऊ वेळा पहिल्या डाऊनला तीनच्या आत. वहीत सगळं होतं, मी ते पान वाचलं घरी गेल्यावर. तर ताकद ही समोर कोण आहे त्यावर ठरते, एकट्याची ताकद असं काही नसतंच.

दुसरं म्हणजे वारं. प्रेरीच्या सपाट गवताळ मुलखात राहून वाऱ्याचा हिशेब न करणं म्हणजे कोकणात राहून भरती-ओहोटी न बघणं. इथे दर क्वार्टरला बाजू बदलतात, म्हणून चौथ्या क्वार्टरला वारं कोणाच्या पाठीशी हे बघायचं. 2021 चा ग्रे कप आठवा, हॅमिल्टनमध्ये हॅमिल्टनविरुद्ध, चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आपण बारा पॉइंटने मागे होतो, वारं आता आपल्या पाठीशी होतं, भरून काढलं आणि ओव्हरटाईममध्ये 33–25. ती ताकद होती की वारं? माझ्या मते दोन्ही, वारं येईपर्यंत मॅच हाताबाहेर न जाऊ देणं ही ताकद. शनिवारी नाणेफेकीनंतर कोण कुठली बाजू घेतं ते नीट बघा, तेव्हा बहुतेक लोक बिअरच्या रांगेत असतात.

तिसरं, किकिंग. याच्यावर ऑफिसात कोणी भांडत नाही आणि मोठ्या मॅच इथेच जातात. 2022 च्या ग्रे कपला रेजायनात टोरोंटोविरुद्ध 24–23 ने हरलो, आपल्या जॅनेरियन ग्रँटने पंट परत आणून टचडाऊन केला होता तरी, कारण शेवटच्या मिनिटात आपली फील्ड गोलची (गोलपोस्टमधून मारायची) किक हाताने अडवली गेली. अडवली म्हणजे परत लाईनचाच प्रश्न, किकरचा एकट्याचा नाही. इथे पंट पकडणाऱ्याला फेअर कॅच, म्हणजे हात वर करून न पळता बॉल घ्यायची सोय, नाही, किक मारणाऱ्यांनी त्याला पाच यार्ड मोकळे सोडायचे आणि मग तो पळणार, त्यामुळे चांगला रिटर्नर असला की दर पंटमागे दहा-पंधरा यार्ड फुकटात, म्हणजे एक आख्खा फर्स्ट डाऊन न खेळता मिळाला. एक सांगून ठेवतो, लीगने 2025 मध्ये नियम बदलायचं जाहीर केलं, त्यात 2026 पासून किक नुसती एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) बाहेर गेली म्हणून मिळणारा रूज, म्हणजे एक पॉइंट, बंद, आणि 2027 पासून मैदानच 110 यार्डांचं 100 होणार आणि गोलपोस्ट मागे जाणार. म्हणजे किकरची किंमत बदलणार, फील्ड गोल लांबचे होणार. जुने फॅन या विषयावर भयंकर चिडतात, शनिवारी काढू नका.

आणि चौथं, एकाच माणसावर टेकून राहिलेली ताकद. 2024 चा ग्रे कप, व्हँकूव्हर, परत टोरोंटो. क्वार्टरबॅक झॅक कॉलरोसच्या फेकायच्या हाताच्या बोटाला लागलं, तरी तो परत येऊन खेळला, चार इंटरसेप्शन झाले (त्याचे पास समोरच्यांनीच पकडले), 41–24 ने हरलो. त्याच्या हिमतीला सलाम, पण त्या रात्री आपल्याकडे दुसरा मार्ग तयार नव्हता असं माझं मत आहे. त्याआधी 2023 च्या फायनलला माँट्रियलने शेवटच्या 13 सेकंदांवर टचडाऊन करून 28–24 ने हरवलं, आणि तो कॅच घेणारा टायसन फिलपॉट, नॅशनल! तीन वर्षं सलग फायनल, तिन्ही हरलो, तीन वेगळ्या कारणांनी. तिन्ही वेळा मॅचआधीची यादी मात्र एकच होती, क्वार्टरबॅक, रन, डिफेन्स. मी पण तीच दिली होती सगळ्यांना.

थोडक्यात तुमच्या कामाचं: इंज्युरी रिपोर्टमध्ये ओ-लाईन आणि नॅशनल बघा, शनिवारी सकाळी वारं बघा, आणि मॅच सुरू झाली की पहिले दोन क्वार्टर फक्त पहिल्या डाऊनचे यार्ड मोजा, दोन्ही टीमचे. फोनवर टिपा, नाहीतर तिकिटाचा प्रिंट काढला असेल तर त्याच्या मागे. रनिंग बॅकला पळताना बघायचा मोह होणार, पण दोन-चार प्ले तरी त्याच्या पुढच्या पाचांकडेच डोळे ठेवा, ते पुढे सरकतायत की जागेवरच ढकलाढकली करतायत एवढंच बघायचं. पहिल्यांदा काही दिसणार नाही, पाचव्या-सहाव्या प्लेला दिसायला लागतं.

हसं होऊ नये म्हणाल तर टेबलावर मत देऊच नका, एक प्रश्न टाका: "सेकंड अँड सेव्हनला आपण काय करतो?" जो खरंच मॅच बघतो तो हातातला चमचा खाली ठेवून बोलायला लागेल, आणि बाकीचे परत क्वार्टरबॅकवर येतील.

माझं स्वतःचं शनिवारचं भाकीत विचारलंत तर देणार नाही, अजून इंज्युरी रिपोर्ट आलेला नाही. माझी जागा विद्यापीठाकडच्या बाजूला वरच्या मजल्यावर आहे, हाफटाईमला वहीचं पान दाखवतो, तुमचंही घेऊन या. आणि सप्टेंबर आहे म्हणून टी-शर्टवर येऊ नका, सूर्य खाली गेला की वर भणाण वारं असतं.